बाबांनी घड्याळ लावलं नव्हतं

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका छत्तीस वर्षांच्या आहेत. वडील जाऊन नऊ महिने झाले. नोकरी सांभाळून जवळजवळ तीस वर्षं ते लहान मुलांना धावायला शिकवत होते, एक पैसाही न घेता. दर रविवारी प्रत्येक मुलाची वेळ घ्यायची आणि वहीत लिहायची. शेवटचं मूल पोचेपर्यंत घड्याळ थांबवायचं नाही, हा त्यांचा नियम. अशा सत्तावीस वह्या घरात आहेत. घरावरही त्यांचा फार जीव होता. आता त्यांचे जुने विद्यार्थी पहिल्या स्मृतिदिनाला मुलांची धावण्याची स्पर्धा भरवायचं म्हणतायत. ती दरवर्षी व्हावी आणि सूत्रं 'सरांच्या मुलीने' हाती घ्यावीत, असा त्यांचा आग्रह आहे. आईचीही तीच इच्छा. मोठा भाऊ लांब राहतो, तो 'तू बघ, पैशाचं मी बघतो' म्हणून मोकळा झालाय. पत्रलेखिकेला खेळातलं काही कळत नाही आणि मैदानाचा लहानपणापासून राग आहे. स्पर्धेच्या दिवशी त्यांनी दोन शब्द बोलायचे आहेत. चारदा लिहायला बसल्या, पण 'प्रेमळ, कष्टाळू, निःस्वार्थी' याच्या पुढे पेन सरकत नाही. आठ वर्षांचा मुलगा रोज आजोबांबरोबर मैदानावर जायचा, आता मैदानाचं नाव काढलं की उठून आत जातो. त्या विचारतात: 'नाही म्हणाले तर बाबांना विसरले असं होईल. हो म्हणाले तर दरवर्षी खोटं वागावं लागेल. काय करू?'

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं ते प्रश्नासाठी. दुसऱ्यांदा वाचताना चौथ्या पानावरच्या एका कंसापाशी अडकले. तुम्ही लिहिलंय: '(तशी मीही एकदा धावलेय. सातवीत, शाळेच्या स्पर्धेत, चारशे मीटर. आठ जणींत सातवी आले. बाबा शेवटच्या रेषेपाशी उभे होते, गळ्यात घड्याळ होतं, पण माझ्या शर्यतीला त्यांनी ते लावलंच नाही. त्यानंतर मी धावले नाही.)' कंस पूर्ण. पुढचा परिच्छेद मांडवाच्या खर्चाचा.

अहो, एवढी मोठी गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत! 'निःस्वार्थी' हा शब्द पत्रात चार वेळा आलाय, चारही वेळा कंसाबाहेर, आणि त्यातून मला तुमचे बाबा एकदाही दिसले नाहीत. ते दिसले ते कंसात, गळ्यात घड्याळ आणि हात मोकळे. म्हणून तुमच्या प्रश्नाला शेवटी हात घालते, आधी हा कंस उघडू या.

तुम्ही तसं शब्दांत लिहिलेलं नाही, पण तेवीस-चोवीस वर्षं तुम्ही त्या प्रसंगाचा एकच अर्थ धरून बसलेल्या दिसता: जगातल्या प्रत्येक पोराची वेळ बाबांना लिहून ठेवावीशी वाटली, फक्त माझी नाही.

मैदानाशी माझा संबंध बेताचाच. पण हाताने वेळ घेण्यातली एक गंमत मला एका पंचांनी समजावली होती, ती इथे सांगण्यासारखी आहे. सुरुवातीचा इशारा झाला की घड्याळ धरणाऱ्याचं बोट हलायला क्षणाचा काही भाग जातोच. शेवटाला मात्र धावणारा समोरून येताना दिसत असतो, बोट आधीच तयार असतं. त्यामुळे हातची वेळ खऱ्या वेळेपेक्षा जरा कमी भरते. शंभर मीटरची हातची वेळ विजेवरच्या घड्याळाच्या वेळेशी ताडून बघताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची रीत आहे. म्हणजे तीस वर्षं तुमच्या बाबांनी एकेका पोराला तो होता त्याहून पाव सेकंद वेगवान ठरवलं. ती सत्तावीस वह्यांतली चूक मला फार आवडली.

पण त्या पंचांनी आणखी एक सांगितलं होतं. वेळ घेणाऱ्याने धावणाऱ्याकडे बघत बसायचं नसतं. त्याची नजर रेषेवर हवी, छाती रेषा कधी ओलांडते तेवढंच त्याने टिपायचं. धावताना तोंड कसं झालंय, वळणावर कोण रडकुंडीला आलंय, हे बघायची त्याला सवड नसते. चारशे मीटर म्हणजे मैदानाची एक अख्खी फेरी. घड्याळ न लावता उभ्या असलेल्या माणसाला ती फेरी पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत बघता येते.

मी असं म्हणत नाही की त्यांनी त्याचसाठी घड्याळ लावलं नाही. मी त्यांना ओळखत नव्हते. कदाचित त्या दिवशी ते शाळेचे पाहुणे होते आणि वेळ घेणं दुसऱ्या कुणाचं काम होतं. कदाचित आपल्या मुलीकडे सगळ्यांच्या देखत जास्त लक्ष द्यायचा त्यांना संकोच वाटला. कदाचित तुम्ही मागे पडलात म्हणून त्यांचाच धीर खचला. बापाचाही खचतो. दुखऱ्या जागेवर माझा गोड अर्थ चिकटवून मोकळ्या होऊ नका, तो चार दिवसांत निघून येईल. माझं म्हणणं एवढंच की एका प्रसंगाला किमान चार अर्थ निघतात आणि तुम्ही त्यातला सर्वांत क्रूर अर्थ सातवीत निवडलात, तो अजून तसाच वापरताय. सातवीतले कपडे आता होत नाहीत.

वेळेची नोंद नसलेली एक शर्यत सगळ्या जगाला पाठ आहे. १९९२ सालचं बार्सिलोना ऑलिम्पिक, चारशे मीटरची उपांत्य फेरी. तुमचंच अंतर. ब्रिटनचा डेरेक रेडमंड अर्ध्या वाटेत मांडीचा स्नायू फाटून खाली बसला, उठला आणि एका पायावर लंगडत पुढे निघाला. प्रेक्षकांतून एक जाडजूड गृहस्थ, त्याचे वडील जिम, पहारेकऱ्यांना बाजूला सारून धावपट्टीवर उतरले. मुलाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघांनी मिळून रेषा गाठली. बाहेरची मदत घेतल्यामुळे अधिकृत निकालात त्याच्या नावापुढे 'शर्यत पूर्ण केली नाही' अशी नोंद आहे, वेळ नाहीच. ती शर्यत जिंकली कोणी, हे मी आत्ता लिहिताना आठवून पाहिलं. आठवत नाही.

तर आता तुमचा प्रश्न. त्यात तीन गृहीतकं आहेत आणि तिन्ही मला जरा तपासायची आहेत.

पहिलं, आठवण ठेवायची म्हणजे त्यांचं काम पुढे चालवायचं. हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की वकिलाच्या मुलीने वकिली केली नाही तर नातेवाईक हळहळतात. तुम्हाला कोणीतरी सचिन तेंडुलकरचं उदाहरण दिलं असणार, न दिलं तर देतील. १९९९च्या विश्वचषकाच्या वेळी, १९ मे रोजी त्याचे वडील गेले. तो घरी आला, परत गेला आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या, शतक झाल्यावर वर आकाशाकडे बघितलं. तेव्हापासून ही गोष्ट दुःख गिळून कामाला लागा म्हणून सांगायला हमखास वापरली जाते. पण त्यातली एक बाजू कोणी सांगत नाही. त्याचे वडील रमेश तेंडुलकर कवी होते आणि मराठीचे प्राध्यापक. सचिनने वडिलांचं काम पुढे चालवलं नाही, स्वतःचं काम केलं. आता बाबांच्या कविता तू पुढे ने, असं त्याला कोणी म्हणालं नाही आणि कविता न लिहिल्यामुळे तो वडिलांना विसरला असंही कोणाला वाटलं नाही. तुम्ही पोटापाण्यासाठी काय करता ते पत्रात एका ओळीत उरकलंय, हिशेब तपासता. ते बाबांना आवडायचं का? ते काम तुम्ही करताय याचा त्यांना अभिमान होता का? सहा पानांच्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही.

मानसशास्त्राचंही या बाबतीत मत बदललंय. १९१७ साली सिग्मंड फ्रॉइडने मांडलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं. पुढे १९२० साली त्याची मुलगी सोफी गेली. नऊ वर्षांनी, तिच्या वाढदिवसाच्या तारखेला, एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केलं की ती जागा भरत नाही आणि भरू नये हेच बरं, कारण प्रेम टिकवायचा तोच मार्ग असतो. स्वतःचा सिद्धांत बापाला पेलला नाही. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी हेच संशोधनातून मांडलं: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि बहुतेक माणसं ते रूप आपापल्या परीने घडवतात. त्यातला 'आपापल्या परीने' हा भाग तुमच्यासाठी. तुमच्या बाबांचा विद्यार्थी मैदानावर फक्की मारताना त्यांना भेटेल. तुम्ही दुसरीकडे कुठेतरी भेटाल. कुठे, ते मी सांगू शकत नाही, पण ती जागा मैदानच असली पाहिजे असं नाही.

दुसरं गृहीतक, मैदानाचा राग म्हणजे बाबांशी बेइमानी. इथे जरा थांबू, कारण तुमच्या पत्रातला खरा जड भाग हाच आहे.

'बाबांचा वेळ त्या मैदानाने खाल्ला' असं तुम्ही लिहिता आणि पुढच्याच ओळीत 'असं लिहायची लाज वाटते'. लाज कशाची? लहान मुलीला बाप घरी हवा होता आणि तो संध्याकाळी दुसऱ्यांच्या मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधत होता. हा मत्सर आहे आणि तो प्रेमाशिवाय होत नाही. ज्या बापाबद्दल काही वाटत नाही, तो कुठे का जाईना! आमच्याकडे उलटी तऱ्हा होती. वडील कायम घरी, वर्तमानपत्राच्या मागे. मला ते कुठेतरी जावेत असं वाटायचं.

माणसाचा वेळ वाटून संपतो, हे खरं आहे, आणि मी त्यावर सारवासारव करणार नाही. संध्याकाळचे दोन तास मैदानाला दिले तर ते तुम्हाला मिळाले नाहीत. ते थोर होते म्हणून हा हिशेब मिटत नाही आणि तुमचा तर व्यवसायच हिशेबाचा. पण मायेचं तसं नसतं. तुम्हीच लिहिलंय की ते मैदानावरून आले की दारातच बूट झटकत विचारायचे, 'आज काय काय झालं?' आणि तुम्ही 'काही नाही' म्हणायचात. रोज. हा माणूस दमून येऊन रोज तोच प्रश्न विचारत होता, उत्तर मिळत नसताना. मला वाटतं मैदानावरची शेवटच्या मुलासाठी थांबायची सवय त्यांनी दाराशीही लावून घेतली होती. तुम्ही चिडलेल्या होतात, तो तुमचा हक्क. ते थांबले, हे त्यांचं. दोन्ही खरं असू शकतं आणि दोन्ही तुमच्या आठवणीत राहू द्या. गेलेल्या माणसाचा पुतळा झाला की त्याच्याशी भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याशी बोलणंही हळूहळू थांबतं.

एक काम करा. आईला विचारा की तिला कधी मैदानाचा राग आला होता का. 'आई, बाबांचं मैदान तुला आवडायचं का' असं विचारलंत तर ती 'हो गं' म्हणेल. त्याऐवजी विचारा, 'ते मैदानावर असायचे तेव्हा तू संध्याकाळी काय करायचीस?' मग नुसतं ऐका. स्पर्धा व्हावी ही तिची इच्छा नेमकी कशासाठी आहे तेही कळेल. तिला बहुधा ती मुलं घरी यायला हवी आहेत, चषकाशी तिला कर्तव्य नसावं.

तिसरं गृहीतक, नऊ महिने झाले, आता सावरायला हवं. यावर फार लिहीत नाही. दुःखाचे पाच टप्पे सगळ्यांनी ऐकलेले असतात. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले, पण मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांवर ते नंतर लादले गेले. १९९९ साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क स्खुट यांनी मांडलेलं चित्र मला जास्त ओळखीचं वाटतं: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी वीजबिल भरतो, आणि या दोन्हींत येरझारा घालत राहतो. बिल भरताना हसू आलं तर ते विसरणं नव्हे. मात्र वर्ष उलटल्यावरही रोजचं उठणं-बसणं अशक्य होत असेल तर समुपदेशकाकडे जा. लांबलेल्या शोकाला २०२२पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तकात स्वतंत्र स्थान आहे, प्रौढांसाठी किमान बारा महिने, मुलांसाठी सहा. तुमच्या पत्रावरून तुमच्यावर ती वेळ आलेली दिसत नाही.

आता स्पर्धा. हो किंवा नाही हे दोनच पर्याय विद्यार्थ्यांनी तुमच्यासमोर ठेवलेत आणि तुम्ही निमूटपणे ते घेतलेत. मी तुमच्या जागी असते तर म्हणाले असते: स्पर्धा जरूर करा, चालवायची तुम्ही, मी येईन. बाबांच्या हाताखाली जे तयार झाले त्यांना मैदान आखता येतं, पंच मिळवता येतात, प्रथमोपचाराची पेटी आणि पाणी कुठे ठेवायचं ते कळतं. तुम्हाला यातलं काही येत नाही आणि येण्याची गरज नाही. 'सरांची मुलगी' ही पदवी आहे, नेमणूक नाही. पैशाचा हिशेब बघायची तयारी असेल तर तेवढा घ्या, तो तुमच्या हातचा आहे. नसेल तर तोही घेऊ नका.

'दरवर्षी' हा शब्द मात्र कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. तीन वर्षांचं ठरवा, मग पुन्हा बसा. स्मृतिस्पर्धांचं एक दुखणं असतं. पहिल्या वर्षी शंभर मुलं आणि डोळ्यांत पाणी, पाचव्या वर्षी कंटाळलेले चार जण आणि बंद करायला कोणी धजत नाही. सन्मानाने थांबायची वाट आधीच आखून ठेवली तर ही वेळ येत नाही. तीन वर्षांनी उत्साह असेल तर वाढवा, कोण अडवतंय?

आणि स्पर्धा बाबांसारखी असू द्या. सुकाणू हातात नसलं तरी हा एक आग्रह तुम्ही धरू शकता, आणि धराच. विद्यार्थ्यांनी पाठवलेला आराखडा तुम्ही पत्रासोबत जोडलाय: पहिले तीन, तीन चषक, बाकीच्यांना टाळ्या. ज्या माणसाने शेवटच्या मुलासाठी घड्याळ चालू ठेवलं, त्याच्या नावाने पहिल्या तिघांनाच मोजायचं? नॉर्वेत लहान मुलांच्या खेळासाठी लेखी नियम आहेत. अकरा वर्षांखालच्या मुलांचे निकाल क्रमवारी लावून जाहीर करायचे नाहीत आणि बक्षिसं द्यायची तर सगळ्यांना. याने खेळाडू बिघडतात म्हणावं तर हिवाळी ऑलिम्पिकच्या पदकतालिकेत तो चिमुकला देश वर्षानुवर्षं डोक्यावर बसलाय. २०१४ साली अमेरिकेत अमांडा विसेक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना विचारलं, खेळताना मजा कशाने येते? ८१ गोष्टी निघाल्या. जीव तोडून खेळणं, सोबत्यांनी सांभाळून घेणं, प्रशिक्षकाने नीट वागवणं या गोष्टी वर होत्या, जिंकणं ४८वं. बाबांना हे कोणी न सांगता कळलं होतं.

म्हणून प्रत्येक मुलाने दोनदा धावायचं, सकाळी एकदा आणि तासाभराने पुन्हा. दोन्ही वेळा लिहायच्या आणि ज्याने स्वतःची वेळ सर्वांत जास्त सुधारली त्याचं नाव घ्यायचं. शेवटचं मूल पोचेपर्यंत घड्याळ चालू. मुलांना घरी जाताना स्वतःच्या वेळेची चिठ्ठी द्यायची. याला खर्च एका कागदाचा. चषकाचे पैसे वाचले तर ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांना बूट घ्या, गाजावाजा न करता.

तुमचं भाषण. तीन मिनिटं म्हणजे सावकाश बोलताना सव्वातीनशे शब्द, त्याहून जास्त नको. लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला विचारा: हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या बाबांबद्दल चाललं असतं का? चाललं असतं तर खोडा. 'प्रेमळ' जाईल, 'कष्टाळू' जाईल. दारात बूट झटकणं राहील. एक संध्याकाळ निवडा आणि तीच सांगा: दार, बूट, 'आज काय काय झालं?', आणि तुमचं 'काही नाही'. कौतुकाचा एकही शब्द घालू नका, ऐकणारे घालतील. मैदानाचा राग यायचा हे सांगावंसं वाटलं तर सांगा. त्या गर्दीत बाबांच्या वेळेसाठी झुरलेली तुम्ही एकटीच नसाल, तीस वर्षांपूर्वीची ती पोरंही शिकवणी संपल्यावर सर घरी निघाले की हिरमुसत असतील. घड्याळाची गोष्ट मात्र तिथे सांगू नका, निदान या वर्षी. ती अजून ओली आहे. कागद दोन प्रतींत न्या, एक भावाकडे द्या. आवाज अडकला तर तो पुढे वाचेल. नुसते पैसे पाठवून सुटका नाही, त्याला येऊ दे.

वह्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, कारण घरोघरी असं काहीतरी माळ्यावर पडलेलं असतं. पानांचे फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी घ्या. पानं प्लास्टिकमध्ये गरम दाबून बंद करू नका, ते नंतर सोडवता येत नाही. फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, पेनाची शाई पुढच्या फोटोला लागते. जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील तर त्यांचा नंबर पहिला, फीत वर्षागणिक खराब होत असते. आणि बाबांचे आवाजातले निरोप फोनमध्ये असतील तर आजच्या आज दुसरीकडे उतरवून घ्या, फोन बदलताना लोक नेमके तेच गमावतात. वह्यांतली नावं ही खरी माणसं आहेत, तेव्हा पानं सगळीकडे पसरवू नका. ज्याचं त्याला त्याचं पान दाखवा. चाळिशीच्या माणसाला त्याची आठव्या वर्षीची वेळ त्याच्या सरांच्या अक्षरात बघायला मिळणं, याहून मोठा सत्कार कुठला करणार?

राहिला तुमचा मुलगा. त्याला स्पर्धेच्या दिवशी शिट्टी मारायला लावायची विद्यार्थ्यांची कल्पना आहे. नको. आठ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर आजोबा बसवायचे नसतात. मुलं मोठ्यांसारखं सलग दुःख करत नाहीत. आत्ता रडतील, पाच मिनिटांनी खेळतील, महिन्याने अंघोळीच्या वेळी एकदम आजोबांचं काहीतरी विचारतील. त्याच्यासमोर 'देवाघरी गेले', 'झोपी गेले' असं मोघम बोलत असाल तर थांबवा. माणूस मेला की परत येत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळायला लागतं, त्याला ते कळलेलं आहे. मोठी माणसं लपवताहेत हेही कळतं. तो मैदानाला नाही म्हणतोय, तर का हे खोदून विचारू नका. माझा अंदाज असा की तिथे दुसरं कोणीतरी शिट्टी वाजवताना बघणं त्याला नको आहे. कधीतरी दुपारी, मैदान रिकामं असताना, दुसऱ्या कामाला जाता जाता त्या वाटेने न्या. तो थांबला तर थांबा. नाही थांबला तर पुढे चला. स्पर्धेला यायचं नसेल तर त्या दिवशी त्याला आवडत्या माणसाकडे राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. झोप, जेवण, शाळा यांतलं काही बरेच आठवडे बिघडलेलं दिसलं तर मात्र मुलांच्या समुपदेशकाला दाखवा.

शेवटी, त्या कंसाचं काय करायचं? माझा चौकशीवर विश्वास आहे. त्या दिवशी शाळेच्या मैदानावर आणखी माणसं होती. तुमचा दादा तेव्हा मोठा होता, त्याला आठवत असेल. आई होती का? तिला बाबा घरी आल्यावर काय म्हणाले? विचारा. आणि सातवीतल्या त्या वर्षाची वही काढा. बाबांना तारीख घालायची सवय होती असं तुम्हीच लिहिलंय. तो आठवडा शोधा, पुढचं-मागचं पानही बघा. तुमचं नाव असेल, नसेल, भलतंच काही असेल. एकट्या बसून बघू नका, आई शेजारी असू दे. जे सापडेल ते मला कळवाल? पान कोरं असलं तरी.